वाचक विचारतात : आम्ही दिलेलं मत शेवटी गेलं कुठं?

मागच्या अंकात आपण विधानसभा निवडणूक आणि युती-आघाड्यांबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप मिळून ढीगच आला. जवळपास प्रत्येक पत्रात राग आहे आणि तो खरा आहे, मलाही आहे. फक्त तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा राग एखाद्या नेत्यावर आहे, आणि माझा जास्त राग आहे तो उशिरावर. का ते खाली उत्तरांत येईलच. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि विनंतीप्रमाणे कुणाचीही नावं छापलेली नाहीत.

ताई, २०१९ ला मी युती म्हणून मत दिलं होतं. नंतर पाच वर्षांत काय काय बघायला लागलं ते सगळ्यांना माहितीय. माझं मत फुकट गेलं असं समजायचं का?
(एक वाचक, ठाणे)

फुकट गेलं असं मी म्हणणार नाही, पण तुम्ही जे समजून मत दिलंत ते कायद्याच्या कागदावर कुठंच नव्हतं हे मात्र खरं. मशीनवर उमेदवाराचं नाव असतं, फोटो असतो, चिन्ह असतं, तिथं युती नावाचं बटण नसतं. निवडणुकीआधीची युती म्हणजे दोन पक्षांनी आपापसात दिलेला शब्द, तो मोडला तर कोर्टात जाऊन 'पाळायला लावा' असं मतदाराला म्हणता येत नाही. २४ ऑक्टोबर २०१९ ला निकाल लागला तेव्हा भाजप १०५ आणि शिवसेना ५६, म्हणजे १६१. बहुमताला १४५ लागतात. म्हणजे गणित तर झालेलं होतं, अडलं ते मुख्यमंत्रीपदाच्या अडीच-अडीच वर्षांवर. एक पक्ष म्हणत होता ठरलं होतं, दुसरा म्हणत होता ठरलंच नव्हतं, आणि ज्याच्यावर सरकार अवलंबून होतं ते बंद खोलीतलं बोलणं मतदाराला कुणी लिहून दाखवलेलंच नव्हतं. माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ तिथं आहे.

पुढं १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट, २३ नोव्हेंबरला सकाळी सकाळी राजभवनात फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी, ज्याला आपण सगळे पहाटेचा शपथविधी म्हणतो, मग सुप्रीम कोर्टानं बहुमत चाचणी घ्या म्हटल्यावर २६ ला राजीनामा, आणि २८ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंची शपथ, ती पण शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस अशा तिघांची मोट बांधून. त्याच विधानसभेत नंतर २०२२ ला शिंदे मुख्यमंत्री झाले. एकाच सभागृहात तीन मुख्यमंत्री आणि त्या तिघांच्याही हाताखाली अजित पवार उपमुख्यमंत्री! हे एवढं एक वाक्य जरी नातवंडांना सांगितलं तरी त्या पाच वर्षांची कल्पना येईल.

पण हे सगळं २०१९ लाच सुरू झालं असं बऱ्याच पत्रांत आहे, ते तसं नाही. १९७८ ला काँग्रेसचे दोन तुकडे वेगवेगळे लढले, ६९ आणि ६२ जागा आल्या, जनता पक्षाच्या ९९ आल्या, मग दोन काँग्रेस मिळून वसंतदादा मुख्यमंत्री आणि चारच महिन्यांत शरद पवार बाहेर पडून पुलोदचे (पुरोगामी लोकशाही दल) मुख्यमंत्री, वय ३७. १९९९ ला सोनिया गांधींच्या परदेशी जन्माच्या मुद्द्यावर जूनमध्ये राष्ट्रवादी स्थापन झाली, काँग्रेसविरुद्ध लढली आणि ऑक्टोबरमध्ये त्याच काँग्रेसबरोबर विलासरावांच्या सरकारात बसली. २०१४ ला तर २५ सप्टेंबरला एकाच दिवशी भाजप-शिवसेना युती पण तुटली आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी पण तुटली, निकालानंतर भाजपला राष्ट्रवादीनं न मागता बाहेरून पाठिंबा दिला, शिवसेना आधी विरोधी बाकांवर बसली (विरोधी पक्षनेते कोण, तर एकनाथ शिंदे) आणि डिसेंबरमध्ये सरकारात गेली. तेव्हा एका पक्षाला चांगलं आणि दुसऱ्याला वाईट ठरवून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. तो शब्द मोडण्याची वेळ प्रत्येकावर आली आणि प्रत्येकानं मोडला.

पक्षांतरबंदी कायदा आहे ना? मग चाळीस आमदार सुरतला गेले, गुवाहाटीला गेले, सरकार पडलं, आणि अपात्र कुणीच नाही, हे कसं काय? मी शिक्षिका आहे, नागरिकशास्त्र शिकवते, मुलं विचारतात तेव्हा काय सांगू?
(एक वाचक भगिनी, नाशिक)

मॅडम, मुलांना खरं आहे तेच सांगा. कायदा आहे, १९८५ पासून आहे, संविधानाची दहावी अनुसूची. आधी त्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' मानून सूट होती, ती २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनं काढून टाकली. आता फक्त एकच वाट उरली, दोन तृतीयांश आमदारांसह दुसऱ्या पक्षात विलीनीकरण. शिवसेनेचे तेव्हा ५५ आमदार होते, शिंदेंबरोबर ४० गेले, म्हणजे दोन तृतीयांशाच्या वर. पण ते कुणात विलीन झालेच नाहीत! त्यांनी म्हटलं आम्ही पक्ष सोडलेलाच नाही, आम्हीच पक्ष आहोत. वर्षभरानं, २ जुलै २०२३ ला, अजित पवारांनी तेच म्हटलं. एकदा 'आम्हीच मूळ पक्ष' म्हटलं की प्रश्न पक्षांतराचा राहत नाही, खरा पक्ष कोणता याचा होतो, आणि तो प्रश्न तीन ठिकाणी जातो. चिन्ह कुणाचं ते निवडणूक आयोग बघतं, आमदारकी राहते की जाते ते विधानसभा अध्यक्ष बघतात, आणि या दोघांचं बरोबर की चूक ते कोर्ट बघतं.

आता तारखा बघा, कारण सगळं दुखणं तारखांत आहे. २० जून २०२२ ला विधान परिषदेची निवडणूक झाली आणि त्याच रात्री आमदार निघाले. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळांनी १६ जणांना नोटिसा काढल्या, सुप्रीम कोर्टानं उत्तराला १२ जुलैपर्यंत मुदत वाढवून दिली. मधल्या काळात राज्यपालांनी बहुमत चाचणी सांगितली, २९ जूनला उद्धव ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, ३० ला शिंदेंची शपथ, ३ जुलैला राहुल नार्वेकर नवे अध्यक्ष, ४ जुलैला १६४ विरुद्ध ९९. म्हणजे सरकार बदलायला लागले पंधरा दिवस. ते बदल बरोबर झाले का, हे ठरायला किती लागले बघा : १७ फेब्रुवारी २०२३ ला आयोगानं नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिलं. ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचा निकाल आला, त्यात राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ते चूक, अध्यक्षांनी शिंदे गटाच्या भरत गोगावलेंना प्रतोद (व्हिप, म्हणजे आमदारांना पक्षाचा आदेश काढणारा) म्हणून मान्यता दिली तीही बेकायदा, कारण व्हिप कोण हे ठरवायचा अधिकार पक्षाचा असतो, नुसत्या आमदारांच्या गटाचा नाही. आणि एवढं सगळं म्हटल्यावर सुद्धा, ठाकरेंनी स्वतःहून राजीनामा दिल्यामुळे त्यांना परत बसवता येत नाही. अपात्रतेचं अध्यक्षांनीच ठरवावं. ते ठरलं १० जानेवारी २०२४ ला, तेही कोर्टानं तारीख घालून दिल्यावर. शिंदे गट हीच खरी शिवसेना, आणि दोन्हीकडचं कुणीच अपात्र नाही. राष्ट्रवादीबद्दल आयोगाचा निर्णय ६ फेब्रुवारीला आणि अध्यक्षांचा १५ फेब्रुवारीला, तोही तसाच.

मुलांना माझ्या वतीनं एवढंच सांगा की या निकालांशी सहमत असणं नसणं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण दीड वर्षानं दिलेला निकाल हा कुणालाच निकाल वाटत नाही, जिंकलेल्याला पण नाही. विधानसभेची मुदत संपली, नवीन निवडणूक झाली, तरी चिन्हाच्या वादावर सुप्रीम कोर्टाचा शेवटचा शब्द आलेला नव्हता. मॅच संपून प्रेक्षक घरी गेल्यावर थर्ड अंपायर बघतोय अशी ही गत. आणि असं नाही की कुणाला कळत नाही. मणिपूरच्या केसमध्ये २०२० ला सुप्रीम कोर्टानं म्हटलेलंच आहे की अध्यक्षांनी साधारण तीन महिन्यांत अपात्रतेचा अर्ज निकाली काढावा, २०२५ ला तेलंगणातल्या दहा आमदारांच्या बाबतीत पण तीनच महिन्यांची मुदत घातली. पण दहाव्या अनुसूचीत मुदत लिहिलेली नाही, म्हणून दर वेळी कुणीतरी कोर्टात जायचं, कोर्टानं तारीख द्यायची, मग ती वाढवून मागायची. त्यात अध्यक्ष हा सत्ताधारी पक्षाचाच निवडून आलेला माणूस, आणि सरकार टिकणार की नाही हेच ज्याच्यावर ठरतं तो निर्णय त्यानं द्यायचा. कुठल्याही पक्षाचा चांगला माणूस बसवा, ही रचनाच चुकीची आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

लोकसभेला आमच्याकडं तुतारी आणि पिपाणीचा लई गोंधळ झाला. आमच्या आईनं कोणतं बटण दाबलं तिला अजून सांगता येत नाही. असली दोन चिन्हं एकाच मशीनवर ठेवतातच कशी?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

तुमच्या आईंना सांगा, चूक त्यांची नाही. पंचवीस वर्षं राष्ट्रवादीचं घड्याळ बघत आलेल्या माणसाला निवडणुकीच्या तोंडावर सांगायचं की घड्याळ आता अजित पवारांचं, शरद पवारांचा 'तुतारी वाजवणारा माणूस', आणि त्याच मशीनवर अपक्षाला नुसतं वाद्य, ज्याचं मराठी नाव पण यादीत 'तुतारी' असंच! साताऱ्यात उदयनराजे साधारण ३२ हजारांनी निवडून आले आणि त्या वाद्याच्या चिन्हावरच्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. ती सगळी मतं चुकून गेली असं कुणी सिद्ध करू शकत नाही, मीही म्हणत नाही. पण जिथं जिंकण्या-हरण्याचा फरक त्या मतांहून कमी आहे तिथं मतदाराला शंका राहते, आणि ती शंका आयुष्यभर राहते. पक्ष फुटला की चिन्ह फुटतं आणि त्याचा पहिला त्रास वाचता न येणाऱ्या, चिन्हावरच मत देणाऱ्या माणसाला होतो, हे आयोगानं आधी बघायला हवं होतं.

'मैत्रीपूर्ण लढत' म्हणजे नक्की काय हो? मित्र असतील तर लढता कशाला, आणि लढायचंच तर मित्र कसले? आमच्या जिल्ह्यात कुणी कुणाचा प्रचार केला तेच कळलं नाही.
(एक वाचक, सोलापूर)

सोलापूरकरांनी हे विचारावं यात नवल नाही, २०२४ ला तुमच्या जिल्ह्याइतकी गुंतागुंत फार कमी ठिकाणी होती. दक्षिण सोलापुरात आघाडीचा अधिकृत उमेदवार ठाकरेंच्या शिवसेनेचा, आणि ऐन मतदानाच्या दिवशी काँग्रेसच्या सुशीलकुमार शिंदेंच्या कुटुंबानं अपक्षाला पाठिंबा जाहीर केला. जागा भाजपनं जिंकली. सांगोल्यात 'काय झाडी, काय डोंगार'वाले शहाजीबापू एका बाजूला, समोर आघाडीतल्याच मशालीचा (ठाकरेंच्या शिवसेनेचा) एक आणि शेकापचा (शेतकरी कामगार पक्षाचा) एक असे दोन, तिथं मात्र शेकापचे बाबासाहेब देशमुख निवडून आले. महायुतीत पण हेच. मुंबईत मानखुर्द-शिवाजीनगरला अजित पवारांनी नवाब मलिकांना तिकीट दिलं, भाजप म्हणे आम्ही प्रचार करणार नाही, शिंदेंच्या शिवसेनेनं स्वतःचा उमेदवार उभा केला, आणि जिंकले समाजवादीचे अबू आझमी.

याचं कारण सरळ आहे. पक्ष फुटून दोनाचे चार झाले, पण जागा २८८ च राहिल्या. प्रत्येक मतदारसंघात पाच-दहा वर्षं तयारी करणारा एक माणूस असतो, गावोगाव लग्नं-मयतं केलेला, त्याला शेवटच्या दिवशी सांगायचं की जागा मित्रपक्षाला गेली, थांब. तो थांबत नाही. वरच्या नेत्यांना पण तो दुखवायचा नसतो, मग त्याला एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद) देऊन टाकायचा आणि मैत्रीपूर्ण म्हणायचं. मतदाराच्या बाजूनं बघाल तर ही सरळ फसवणूक आहे, कारण आघाडीचा जाहीरनामा एक आणि मत मागणारे दोन. माझं म्हणणं, ज्या जागेवर एकमत झालं नाही तिथं आघाडी नाही असं जाहीर सांगावं, लोक समजून घेतात.

सांगोल्याचा विषय निघालाच आहे तर गणपतराव देशमुखांचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाववत नाही. अकरा वेळा आमदार, पक्ष एकच, शेकाप. त्यांना आमिषं आली नसतील का? सरकारं बदलली, वारे बदलले, हा माणूस एसटीनं फिरत राहिला. महाराष्ट्रात हे घडू शकतं, घडलेलं आहे, म्हणून निराश व्हायला माझा नकार आहे.

काँग्रेसला आणि शिंदेंच्या शिवसेनेला २०२४ विधानसभेला जवळजवळ सारखीच मतं पडली असं वाचलं. मग एकाला १६ आणि एकाला ५७ कसं? मी स्टॅटिस्टिक्सची स्टुडंट आहे पण हे पचत नाहीये.
(एक विद्यार्थिनी, पुणे)

बरोबर वाचलंय. काँग्रेस १२.४२ टक्के, शिंदेंची शिवसेना १२.३८. पण काँग्रेस १०१ जागांवर लढली आणि शिंदेंची शिवसेना ८१ वर, म्हणजे तेवढीच मतं कमी जागांवर एकवटलेली. आणि मुख्य म्हणजे त्या ८१ जागांवर शिंदेंच्या उमेदवाराला मिळालेली मतं ही एकट्या त्यांच्या पक्षाची नाहीत, तिथं भाजपचं आणि काही प्रमाणात अजित पवारांचं मत वळलेलं आहे, तसंच भाजपच्या १४९ जागांवर बाकीच्या दोघांचं. एकूण बेरीज केली तर महायुती सुमारे ४८ टक्के, आघाडी सुमारे ३४. आपल्याकडं मतदारसंघात ज्याला एक मत जास्त तो सगळं घेऊन जातो, त्यामुळे १४ टक्क्यांच्या फरकाचा जागांत २३० विरुद्ध ४६ एवढा फरक होतो. सहा महिन्यांपूर्वी लोकसभेला दोन्हीकडची मतं जवळपास सारखी होती, पण जागा ३० विरुद्ध १७ आघाडीच्या बाजूनं पडल्या होत्या. तेव्हा आघाडीच्या गोटात कुणी पद्धतीला दोष दिला नव्हता आणि नंतर महायुतीच्या गोटात कुणी दिला नाही.

मग सहा महिन्यांत मतं हलली कशानं? लाडक्या बहिणीचे महिना १५०० रुपये जुलैपासून सुरू झाले, मतदान ६६ टक्क्यांवर गेलं, बायकांचं मतदान वाढलं, लोकसभेला संविधान हा मुद्दा होता तो विधानसभेला तसा राहिला नाही, आणि आघाडीचा जागावाटपातला गोंधळ शेवटच्या दिवसापर्यंत चालला. यातलं कशाचं वजन किती हे तू अभ्यास म्हणून घेच, मतदारसंघनिहाय आकडे निवडणूक आयोगाच्या साइटवर फुकट आहेत. काढलंस काही तर आम्हाला पाठव.

विरोधी पक्षनेता का नाही? कायद्यात १० टक्के लागतात म्हणे.
(एक वाचक, अमरावती)

कायद्यात नाही लागत, ती प्रथा आहे. १० टक्के म्हणजे २९ आमदार, आणि २०२४ नंतर विरोधात सगळ्यात मोठा पक्ष ठाकरेंची शिवसेना, २०. निर्णय अध्यक्षांच्या हातात आहे आणि माझ्या मते २३० आमदारांच्या सरकारसमोर एक मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता असणं सरकारच्याही भल्याचं आहे.

तुम्ही महाराष्ट्राचंच लिहिता. आमच्या गोंयात काय झालं ते पण लिहा की.
(एक वाचक, म्हापसा)

लिहायलाच हवं, कारण महाराष्ट्रात जे २०२२ ला झालं त्याच्या आधीच गोव्यानं सगळं भोगलं. २०१७ ला ४० पैकी १७ जागा घेऊन काँग्रेस सगळ्यात मोठी, भाजप १३, आणि सरकार पर्रीकरांचं, गोवा फॉरवर्ड, मगोप (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) आणि अपक्षांना घेऊन. गोवा फॉरवर्ड तर भाजपविरोधात लढली होती. मार्च २०१९ ला मगोपचे तीनपैकी दोन आमदार भाजपमध्ये, जुलैत काँग्रेसचे १५ पैकी १०. बरोबर दोन तृतीयांश, त्यामुळे विलीनीकरण. अर्जावर सभापतींचा निर्णय आला एप्रिल २०२१ ला, हायकोर्टाचा फेब्रुवारी २०२२ ला, तोपर्यंत पुढच्या निवडणुकीचं मतदान होऊन गेलं होतं! परत तेच, उशीर. आणि त्या निवडणुकीआधी काँग्रेसनं आपल्या उमेदवारांना मंदिर, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष सोडणार नाही म्हणून शपथ घ्यायला लावली, ११ निवडून आले, सप्टेंबरमध्ये त्यातले ८ गेले. देवाची शपथ पुरली नाही तिथं नुसत्या नैतिकतेवर विसंबून चालणार नाही, लहान राज्यात तर नाहीच, कारण तिथं दोन-तीन आमदार हलले की सरकार हलतं.

मी अठरा पूर्ण केली, पुढच्या वेळी पहिलं मत देणार. घरात सगळे म्हणतात कुणालाही दे, शेवटी सगळे एकच. मी काय बघून मत देऊ?
(एक वाचक, लातूर)

घरच्यांचा वैताग समजतो, पण सगळे एकच नसतात. आमदाराला मधेच परत बोलवायचा अधिकार आपल्याला नाही. थेट निवडून आलेल्या सरपंचावरचा अविश्वास ग्रामसभेपुढं येतो, पण आमदाराचं तसं काही नाही, एकदा निवडला की पाच वर्षं. म्हणून जे विचारायचं ते आधी विचार. उमेदवार मत मागायला दारात येतोच. त्याचं प्रतिज्ञापत्र आयोगाच्या साइटवर असतं ते वाचून ठेव, मालमत्ता, गुन्हे सगळं असतं त्यात. याआधी किती पक्ष बदलले आणि का ते तोंडावर विचार, ओशाळू नकोस. आणि दोन प्रश्न लेखी दे : तुमच्या पक्षानं निकालानंतर दुसऱ्या बाजूला जायचं ठरवलं तर तुम्ही मतदारसंघात येऊन आधी सांगाल का, आणि अपात्रतेचा निकाल तीन महिन्यांत लागलाच पाहिजे अशी घटनादुरुस्ती व्हावी म्हणून विधानसभेत ठराव आणा म्हटलं तर तुमची सही मिळेल का. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण पहिल्याचं उत्तर सगळे 'हो' देतील.

उत्तर लेखी आलं तर त्याचा फोटो आम्हाला पाठव. न देणाऱ्याचंही नाव कळव. पक्ष कुठलाही असो, याच पानावर छापू.